जिल्हा कौशल्य समितीवर जायचंय; पण सगळं 'वर' ठरत असेल तर तिथे बोलून काय होणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. कंत्राटी धरून 34 माणसं. आमच्या उद्योजक संघटनेने मला जिल्हा कौशल्य समितीवर प्रतिनिधी म्हणून पाठवायचं ठरवलंय. आधीचे प्रतिनिधी म्हणतात, चहा-बिस्किटं खाऊन यायचं, सगळं वर मुंबईत ठरतं. हे 'वर' म्हणजे कोण? राज्याचं कौशल्य मंडळ नेमकं करतं काय? मला सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन) चालवणारी पोरं मिळत नाहीत, त्याचं तिथे काही होईल का? अमेरिकेत म्हणे अशा मंडळावर उद्योजकच जास्त असतात, आपल्याकडे का नाही?"

आधी मी कुठल्या खुर्चीतून बोलतोय ते सांगतो. मी टर्नर ट्रेडचा निदेशक म्हणून आयटीआयत लागलो, पुढे प्राचार्य झालो आणि निवृत्तीआधीची काही वर्षं याच खात्याच्या कार्यालयात काढली. समितीच्या बैठकीत तुम्ही ज्या बाजूला बसणार आहात, त्याच्या बरोबर समोर मी फायली घेऊन बसायचो. चहा-बिस्किटांची गोष्ट खरी आहे. 'सगळं वर ठरतं' ही मात्र अर्धीच खरी. वर जे ठरतं ते खालून गेलेल्या कागदावर ठरतं, आणि तो कागद कसा तयार होतो हे मी जवळून पाहिलंय. एकदा चुकीचा तयारही केलाय, त्याचं पुढे सांगतो.

तुम्ही विचारलंय 'मंडळ काय करतं', पण तुमची अडचण वेगळी दिसते. बैठकीत आपण जे बोलू ते कुणाच्या टेबलावर जाईल, आणि त्या माणसाच्या हातात काही करण्याचा अधिकार असेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. हे न कळल्यामुळेच आधीचे प्रतिनिधी कंटाळले. चुकीच्या दारावर दहा वेळा टकटक केली की माणूस म्हणतो घरात कोणी नाहीच.

तर 'वर' कोण? एकच मंडळ असतं तर बरं झालं असतं. मंत्रालयात कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग आहे. धोरण, जीआर आणि पैसा तिथून निघतो. त्याच्या हाताखाली वेगवेगळ्या पाट्या आहेत. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे राज्यातले चारशेच्या वर सरकारी आयटीआय. महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटीकडे तीन-चार महिन्यांचे छोटे कोर्स आणि ते चालवणाऱ्या खाजगी संस्था. आयुक्तालय म्हणजे जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज; आपल्या जिल्ह्यातलं मार्गदर्शन केंद्र, तिथले सहायक आयुक्त, रोजगार मेळावे, महास्वयम् पोर्टल हे त्यांचं. आणि ज्याच्या नावात खरोखर 'मंडळ' आहे ते महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ मुख्यतः अभ्यासक्रमांना मान्यता, परीक्षा आणि प्रमाणपत्र पाहतं. जुन्या व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळाचं ते नवं रूप. याशिवाय आता रतन टाटांच्या नावाचं कौशल्य विद्यापीठही आहे, पण तुमच्या कामात ते लगेच येणार नाही.

म्हणजे सीएनसीची पोरं मिळत नाहीत अशी तक्रार तुम्ही 'मंडळाकडे' केलीत, तर मंडळ म्हणेल आम्ही परीक्षा घेतो. संचालनालय म्हणेल मशीनिस्टच्या तुकड्या आहेत, भरत नाहीत. सोसायटी म्हणेल कुठली संस्था अर्जच करत नाही. तिघेही खरं बोलत असतात. समितीचा उपयोग एवढाच, की या तिघांची जिल्ह्यातली माणसं जिल्हाधिकाऱ्यांसमोर एका टेबलाला बसलेली असतात आणि समोरच्याकडे बोट दाखवायला जरा संकोचतात.

मुंबईलाही वर आहे, ते दिल्लीत. कामगारांचं व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत 25 व्या नोंदीत आहे, तोही पहिल्यापासून. शिक्षण त्या सूचीत आलं ते 1976 मध्ये. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना केंद्राने 1950 साली सुरू केली, तिचा रोजचा कारभार राज्यांकडे 1956 साली आला आणि आर्थिक ताबा 1 एप्रिल 1969 पासून. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज राज्यांकडे आली ती तारीख 1 नोव्हेंबर 1956. नागपूरकरांना ही तारीख दुसऱ्याच कारणाने सलते. त्याच दिवशी आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो आणि नागपूरची राजधानी गेली. आमचे एक जुने हेडक्लार्क म्हणायचे, 'तवापासून वर म्हणजे ममई.'

आज अभ्यासक्रम काय असावा, त्याची पातळी कुठली, परीक्षा घेणारी संस्था पात्र आहे का, हे बहुतेक दिल्लीकडे आहे. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली, लोक तिला एनसीव्हीईटी म्हणतात. कौशल्य अर्हता चौकटीत, म्हणजे कोर्सच्या पातळ्या ठरवणाऱ्या राष्ट्रीय तक्त्यात, बसवून या परिषदेने मान्य केलेला कोर्स असेल, तरच सरकारी योजनेचा पैसा त्याला मिळतो. त्यामुळे बैठकीत 'आमच्यासाठी नवा कोर्स काढा' असं म्हणू नका. समोरचे अधिकारी मान डोलावतील, इतिवृत्तात 'वरिष्ठांकडे पाठवण्यात यावे' असं येईल आणि विषय संपेल. सीएनसी ऑपरेटरचे मान्य कोर्स आधीच आहेत. त्यातला निवडा, आणि तुमच्या शॉपला लागणारं जास्तीचं, म्हणजे ऑफसेट घेणं, इन्सर्ट ओळखणं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचणं, ते शेवटच्या पंधरा दिवसांत तुमच्याच मशीनवर शिकवायची तयारी दाखवा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

मग राज्याच्या हातात उरतं काय? माझ्या अनुभवात तीन गोष्टी: जागा, पैसा सोडण्याची पद्धत, आणि रकाने.

जागांचं सोपं आहे. कुठल्या आयटीआयत कुठल्या ट्रेडच्या किती तुकड्या, निदेशकांची किती पदं, मशीनला किती निधी, हे राज्य ठरवतं. तुकडी कागदावर मंजूर होते, मशीन येतं, आणि थ्री-फेज कनेक्शनसाठी ते ताडपत्रीखाली पडून राहतं, असंही मी पाहिलंय. निदेशकाचं पद रिकामं असेल तर फिटरचा निदेशक टर्नरची तुकडी सांभाळतो. बैठकीत हे विचारायला हरकत नाही. 'किती जागा' असं न विचारता 'किती जागांवर शिकवणारा माणूस हजर आहे' असं विचारा, उत्तर वेगळं येतं.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. छोट्या कोर्सना संस्थेला पैसे कसे द्यायचे याचे केंद्राचे सामाईक निकष 2015 साली आले. तेव्हा प्रत्येक उमेदवारामागे तासाला 38.50, 33 आणि 27.50 रुपये असे तीन दर होते. यंत्रांच्या ट्रेडना वरचा, टेबल-खुर्चीच्या कोर्सना खालचा. पैसे तीन हप्त्यांत: तुकडी सुरू झाली की 30 टक्के, मुलं पास झाली की 50, नोकरी लागल्याचं दाखवलं की 20. नोकरीची अट अशी, की प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी निदान 70 टक्के मुलं तीन महिन्यांत कामाला लागली पाहिजेत. पुढे दर आणि हप्ते बदलत गेले, पण यातून संस्था काय शिकल्या ते बदललं नाही.

हिशेब करून पाहा. वीस मुलांची 400 तासांची तुकडी धरा. वरच्या आणि खालच्या दरात तासाला 11 रुपयांचा फरक, म्हणजे सगळ्या तुकडीमागे 88,000 रुपये. एवढ्यात सीएनसी लेथ येत नाही. इन्सर्ट, होल्डर, कूलंट आणि विजेचं बिल यातच ते जातात. उलट दहा जुने संगणक आणि भाड्याचा हॉल असला की डेटा एंट्रीची तुकडी उभी राहते. तुम्ही संस्थाचालक असता तर काय केलं असतं? नागपुरात डेटा एंट्री आणि रिटेल शिकलेली पोरं रग्गड आणि मशीनवर उभं राहायला माणूस नाही, याचं मोठं कारण हे दरपत्रक आहे. पोरं आळशी झालीत असं म्हणणारे उद्योजक बैठकीत भेटतील, त्यांना हा हिशेब दाखवा.

पैशाच्या नियमाने माणसं कशी वागतात याचं ताजं उदाहरण मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. 2024 मध्ये आली. बारावी पास मुलाला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना, सगळं सरकारकडून, आधी सहा महिने, नंतर मुदत अकरा महिने झाली. चांगली पोरं आली. पण आस्थापनेच्या खिशातून काही जात नव्हतं, म्हणून त्यांना शिकवण्याची घाईही कोणाला नव्हती. फुकटचा माणूस कोणी नाकारत नाही. त्याला लेथवर उभं करायचं तर सुपरवायझरचा अर्धा दिवस जातो, म्हणून तो चलन नोंदवत बसतो. हे माझं मत आहे. काही ठिकाणी पोरं छान शिकलीही. पण जिथे शिकली तिथे मालकाने स्वतःचं काहीतरी घातलं होतं, पैसा नाही तर वेळ.

तिसरी गोष्ट रकाने. हसू नका, पण राज्याची मंडळं चालतात ती रकान्यांवर. मुंबईतला अधिकारी नागपूर पाहत नाही, तो नागपूरचं एक्सेल पाहतो. ज्याला रकाना आहे ते त्याच्यासाठी घडलं, ज्याला नाही ते घडलंच नाही.

आता माझी चूक. जानेवारी 2018 पासून जागतिक बँकेच्या मदतीचा 'संकल्प' नावाचा केंद्राचा कौशल्य प्रकल्प आला आणि प्रत्येक जिल्ह्याने आपला कौशल्य विकास आराखडा करावा यावर जोर आला. कल्पना चांगली होती, खालून मागणी जाईल, वर त्याप्रमाणे तुकड्या मिळतील. मागणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि मुदत होती आठवडाभर. मी फोन घेऊन बसलो. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर. 'साहेब, येत्या वर्षात मशीन ऑपरेटर किती लागतील?' पलीकडून यायचं, 'लिहा ना पन्नास.' दुसरे म्हणायचे, 'गेल्या वर्षी काय लिहिलं होतं? तेच टाका.' मी टाकलं. बेरीज करून, सही-शिक्का मारून पाठवलं. आकडा इतका घसघशीत होता की वरून कौतुकाचा फोन आला.

पुढे त्यातल्या काही तुकड्या खरंच मंजूर झाल्या. मुलं शिकली, पास झाली. मी त्याच यादीतल्या कारखान्यांना पुन्हा फोन लावला. एकाची ऑर्डर रद्द झाली होती. दोघांनी एकाच कंत्राटदाराची माणसं आपापल्या नावावर मोजली होती. एक जण म्हणाले, 'मी पन्नास म्हणालो म्हणजे पन्नासांतून पाच निवडायला बरे.' पाच-सात ठिकाणी खरंच मुलं लागली, पण महिना-दोन महिन्यांत परत येऊ लागली. मी एका पोराला विचारलं, बाबा सोडलं का? तो म्हणाला, 'सर, उमरेडले ई-रिक्षा चालोली तरी येवढे भेटते, अन् रातच्याले घरी झोपाले भेटते.' हिंगण्यात खोलीचं भाडं, डबा आणि पेट्रोल काढून त्याच्या हातात काही उरत नव्हतं. तेव्हा मी माझाच तक्ता काढून पाहिला. त्यात किती माणसं लागतील याचा रकाना होता. किती पगार द्याल, याचा नव्हता. कोणाची सही घ्यायलाही जागा नव्हती.

ती चूक वरच्यांची नव्हती. तक्ता आला तसा मी भरला, एक रकाना वाढवायला मला कोणी अडवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट शिलाई मशीन ऑपरेटरच्या तुकडीची. बावीस-तेवीस मुली, बहुतेक कुही-उमरेड भागातल्या, बुटीबोरीत कामाला लागल्या. महिनाभरात निम्म्या घरी. पोर्टलवर 'नोकरी सोडण्याचे कारण' असा रकाना होता आणि त्यात निवडीसाठी जे पर्याय होते त्यातला 'वैयक्तिक' सगळ्यांपुढे भरलेला. मी दोघींच्या घरी गेलो. कारण एकच निघालं. दुसरी पाळी सुटायची तेव्हा गावाकडची शेवटची बस गेलेली असायची, आणि कंपनीची गाडी वर्धा रोडवर ठराविक चौकापर्यंतच सोडायची. तिथून पुढे बाप दुचाकीवर घ्यायला यायचा. कापसाच्या वेचणीत त्याला रोज जमेना. यात वैयक्तिक काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण वर गेलेल्या अहवालात विदर्भातल्या मुलींचं 'टिकून राहण्याचं प्रमाण कमी' असं आलं आणि पुढच्या वर्षी त्या कोर्सच्या तुकड्या घटल्या. बसचा मुद्दा एसटीच्या अधिकाऱ्यांना समितीत बोलावून सुटला असता. मंडळाला तो दिसायचं कारणच नव्हतं, समितीला दिसायला हवा होता.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर अभ्यासक्रम बहुतेक दिल्लीच्या हातात, जागा आणि पैसा मुंबईच्या हातात, आणि मुंबई पाहते ती आपण भरलेले रकाने. तुमचा हात पोहोचतो तो या शेवटच्या ठिकाणी.

अमेरिकेबद्दल तुम्ही विचारलंय. खरं आहे. तिथल्या 2014 च्या संघराज्य कायद्यानुसार प्रत्येक राज्यात गव्हर्नर असं मंडळ नेमतात, त्यात बहुसंख्य सदस्य उद्योग-व्यवसायातले असावे लागतात आणि किमान 20 टक्के कामगारांच्या बाजूचे. ते चार वर्षांचा राज्य आराखडा करतात. आपल्याकडे उद्योजक असतो तो निमंत्रित किंवा प्रतिनिधी म्हणून, निर्णय सचिव-संचालक घेतात. तुमच्या हातात बहुमत असतं तर बरं झालं असतं का? मला खात्री नाही. ज्या उद्योजकांनी मला फोनवर 'लिहा पन्नास' सांगितलं, तेच बहुमतात बसले असते. आणि अमेरिकेच्या त्या यादीत कामगारांची बाजूही आहे, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. जिल्हा समितीत मी कामगार संघटनेचा माणूस फारसा पाहिला नाही. तो असता तर पगाराचा रकाना पहिल्याच वर्षी आला असता.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही मोकळेपणाने सांगतो. जिल्हाधिकाऱ्यांना या विषयात रस असेल तर समिती महिन्यात हलते. नसेल तर बैठक दुसऱ्या बैठकीला जोडून अर्ध्या तासात उरकते. सहायक आयुक्तांकडे दोन जिल्ह्यांचा पदभार असेल तर ते तरी काय करतील. निवडणुकीच्या वर्षी आचारसंहिता लागली की तीन महिने कागद हलत नाही. आणि तुमच्याकडच्या पगाराचं काय, हा प्रश्न तुम्ही स्वतःला आधी विचारा. चांगला सीएनसी ऑपरेटर पुण्याला चाकणला जातो तो हवा बदलायला जात नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या बैठकीआधी शेजारच्या पाच-सात शॉपवाल्यांना एका संध्याकाळी बोलावलं असतं. तर्री पोहे मागवा, एक तास काढा. प्रत्येकाने आपल्या लेटरहेडवर पाच ओळी लिहायच्या: कुठल्या कामाला किती माणसं, कुठल्या महिन्यात, सुरुवातीचा हातात येणारा पगार किती, कुठली पाळी, राहण्या-जाण्याची काय सोय. खाली सही. एकेकाचा आकडा दोन किंवा तीन येईल. येऊ द्या. सात शॉपचे मिळून सतरा झाले तर ती एक तुकडी आहे, आणि सरकारी फायलीत तोंडी पाचशेपेक्षा सहीचे सतरा वजनदार असतात. हे पत्र बैठकीत वाचून दाखवू नका, आवक-जावकला देऊन शिक्का घ्या आणि बैठकीत त्याचा क्रमांक सांगा.

मग तुमचं स्वतःचं ॲप्रेंटिसचं खातं पाहा. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. 2019 च्या दुरुस्त नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि मोजताना कंत्राटी माणसंही धरतात. प्रमाण अडीच ते 15 टक्के. तुमच्या 34 वर अडीच टक्के म्हणजे एकसुद्धा पुरता होत नाही, म्हणून एक धरा. जास्तीत जास्त पाच घेता येतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. आयटीआयतल्या बीटीआरआय, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या, केंद्रात जाऊन नोंदणी समजून घ्या, श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयतून सुरुवात करायला हरकत नाही. हे सगळ्यात आधी करा, कारण बैठकीत कोणी ना कोणी विचारतंच, 'तुम्ही किती ॲप्रेंटिस घेतलेत?' आणि माणूस तिथेच गार होतो. मी स्वतः हा प्रश्न विचारून अनेकांना गार केलंय.

आयटीआयची संस्था व्यवस्थापन समितीही लक्षात ठेवा. 2007-08 च्या योजनेत देशातल्या 1,396 सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं आणि त्या समितीचं अध्यक्षपद उद्योजकाकडे दिलं गेलं. बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष वर्षातून एकदा सही करायला येतात. जिथे ते खरंच येतात, तिथे कूलंट वेळेवर मिळतं आणि जुन्या मशीनचा बेल्ट दोन दिवसांत बदलतो. जिल्हा समितीपेक्षा ही समिती तुमच्या मशीनच्या जास्त जवळ आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने पीएम-सेतू ही आयटीआय सुधारण्याची योजना सुरू केली, 1,000 सरकारी आयटीआय, 200 मुख्य आणि 800 त्यांना जोडलेले, एकूण 60,000 कोटी. त्यात केंद्राचे 30,000, राज्यांचे 20,000 आणि उद्योगांचे 10,000 कोटी असं गणित आहे. उद्योगाचा पैसा म्हणजे उद्योगाचा शब्द, पण तो शब्द मोठ्या कंपन्यांचाच राहणार की हिंगण्याच्या छोट्या शॉपचाही येणार, हे तुमच्यासारखे लोक विचारतात की नाही यावर आहे. नागपूर जिल्ह्यातला कुठला आयटीआय यात आहे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत लेखी विचारा.

वेळेचंही भान ठेवा. मे महिन्यात जाऊन यंदा तुकडी हवी म्हणालात तर कोणी काही करू शकत नाही. दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे प्रवेश सुरू होतात, तोवर जागा ठरलेल्या असतात. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो आणि छोट्या कोर्सना जिल्ह्याचा निधी तिथूनही मिळू शकतो. म्हणून सह्यांची पत्रं दिवाळीच्या सुमारास तयार पाहिजेत. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा सगळे अधिकारी विधानभवनाच्या कामात असतात. त्या पंधरवड्यात कुणाच्या मागे लागू नका. उलट मुंबईचे सचिव त्याच पंधरवड्यात सिव्हिल लाइन्सला असतात. ओळख असेल तर दहा मिनिटं मिळतात. ममईला जाण्याचं भाडं वाचतं.

शेवटचं, इतिवृत्त. पहिल्या बैठकीला जाण्याआधी मागच्या तीन बैठकींची इतिवृत्तं मागून घ्या. तुम्ही सदस्य आहात, ती मिळायला हवीत. त्यात 'कार्यवाही सुरू आहे' असं कुठल्या मुद्द्यापुढे तिन्ही वेळा लिहिलंय ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा. बैठकीत दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल. तो एक मुद्दा काढा आणि विचारा, कोणाकडे आणि कुठल्या तारखेला. आमच्या वेळी असं विचारणारा एक फाउंड्रीवाला होता. त्याची आम्हाला धास्ती असायची. त्याच्या मुद्द्याचा कागद आम्ही बैठकीच्या आदल्या रात्री बसून पूर्ण करायचो.

चहा मात्र घ्या. आमच्या वेळी तरी आल्याचा असायचा.